पेटीला गायला लावणारे गोविंदराव



२२ नोव्हेंबर हा संत सिसिलियाचा सण. संगीताची सेवा करणाऱ्यांची ती आश्रयदाती. दरवर्षी या सणाच्या सुमारास आपल्या गायनवृंदाची मंडळी एकत्र बसतात आणि नाताळची गीते ठरवतात. यंदाही बसलो. गीते ठरली, कोणी कुठले कडवे उचलायचे तेही ठरले. पण पेटी कोण वाजवणार, या प्रश्नापाशी सगळे गप्प झाले. इतकी वर्षे आपल्या मिस्सात पेटी वाजवणारे काका एमआयडीसीतल्या नोकरीतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. त्यांच्यामागे पेटी उरली आहे, वाजवणारा उरलेला नाही.

आम्ही घरोघर विचारून पाहिले. एका मुलाने बोटे वळत नाहीत असे सांगितले. एका मुलीला पियानो शिकायचा आहे, पेटी नको. पण पियानोच्या क्लाससाठी हिंगण्याहून बर्डीपर्यंत आठवड्यातून दोनदा जाणे-येणे घरच्यांना जमत नाही. एका ताईंना मनापासून शिकायचे आहे, पण चाळिशी उलटल्यावर सा रे ग म गिरवताना लोक हसतील, ही भीती. आणि जवळपास प्रत्येकाचे एक कारण समान होते. शिकवणारा कुठे आहे?

म्हणून या रविवारी आम्ही आपल्यापुढे कोणा संताचे नव्हे, तर एका पेटीवाल्याचे चरित्र ठेवत आहोत. ते ख्रिस्ती नव्हते. कोल्हापूरच्या मातीत वाढलेले ते एक मराठी गृहस्थ होते. पेटी हाताला धरून शिकवणारा गुरू त्यांनाही मिळाला नव्हता. तरी पुढे अवघ्या महाराष्ट्रात पेटी म्हटले की त्यांचेच नाव निघे. त्यांचे नाव गोविंद सदाशिव टेंबे.

पियानो, पेटी आणि चर्च

गोविंदरावांकडे वळण्याआधी त्यांच्या वाद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या वाद्याचे आणि चर्चचे नाते जुने आहे.

पियानो इटलीत जन्मला. पादुआ हे नाव आपण संत अंतोनीमुळे ऐकतो. त्याच पादुआत जन्मलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने फ्लॉरेन्स येथे सन १७०० च्या सुमारास पहिला पियानो घडवला. पियानोत तारा असतात. पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी तारेवर आघात करते. बोट हळू पडले तर सूर हळू, जोरात पडले तर सूर मोठा. आणि एकदा उमटलेला सूर हळूहळू विरत जातो.

पेटीचे तसे नाही. पेटीत तारा नाहीत, वारा आहे. भात्याने भरलेला वारा पट्टी उघडताच पितळेच्या पातळ जिभेवरून, म्हणजे सुरावरून, वाहतो आणि ती जीभ थरथरून आवाज देते. पट्टी कितीही जोरात दाबली तरी आवाज वाढत नाही. तो वाढतो भात्याने. पट्टी दाबलेली आणि वारा चालू असेपर्यंत सूर टिकतो. म्हणून पियानो शिकणाऱ्याला बोटांचे वजन शिकावे लागते, तर पेटी शिकणाऱ्याला श्वास शिकावा लागतो. हा श्वास त्याच्या डाव्या हातात असतो.

हार्मोनियम या नावाने हे वाद्य पॅरिसच्या अलेक्सांद्र दबें या कारागिराने १८४२ साली नोंदवले. मोठा पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या छोट्या चर्चना आणि प्रार्थनागृहांना त्याचा मोठा आधार झाला. मिशनरी आणि युरोपीय कुटुंबांबरोबर ते हिंदुस्थानात आले. इथे खुर्चीवर बसून पायाने भाता मारण्यापेक्षा जमिनीवर मांडी घालून वाजवणे सोयीचे. कोलकत्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ साली 'द्वारकिन' हे वाद्यांचे दुकान काढले. हाताने भाता मारायची सुटसुटीत पेटी घडवून ती घराघरांत पोचवण्यात या दुकानाचा मोठा वाटा होता. पायांचे काम हातावर आले, तेव्हा दोन हातांनी वाजायचे वाद्य एका हाताने वाजू लागले. पण ते काखोटीला मारून कीर्तनात, तमाशात, नाटकात, बैठकीत कुठेही नेता येऊ लागले.

आणखी एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली पवित्र संगीतासंबंधी एक पत्र काढले. तारीख नेमकी २२ नोव्हेंबर, संत सिसिलियाचा सण. त्या पत्रात चर्चमध्ये पियानो वाजवण्यास मनाई केली होती. उपासनेचे वाद्य म्हणून मान होता तो ऑर्गनला. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेसंबंधीचा दस्तऐवज संमत केला. त्यात ऑर्गनचा मान राखून, योग्य ती इतर वाद्ये आणि त्या त्या देशाच्या संगीतपरंपरा यांना जागा दिली. आज आपण मराठीत मिस्सा करतो आणि तबला-पेटीवर गातो, त्यामागे हा निर्णय आहे. म्हणजे युरोपच्या चर्चमधून निघालेले वाद्य हिंदुस्थानात आले, इथल्या लोकांनी ते आपले करून घेतले, आणि शंभरेक वर्षांनी ते पेटी होऊन आपल्या वेदीजवळ येऊन बसले. मधल्या प्रवासात ज्यांनी या परक्या खोक्याला आपले गाणे शिकवले, त्यांच्यात गोविंदरावांचे नाव फार वर आहे.

गुरूशिवायची सुरुवात

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावचा. वाढले ते कोल्हापुरात. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे गाण्याचे माहेरघर. १८९४ साली शाहू महाराज गादीवर आले. त्यानंतर लवकरच जयपूर घराण्याचे थोर गवई अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारात आले आणि बरीच वर्षे तिथे राहिले. देवल क्लबात गावातली रसिक मंडळी जमत, गाणे-बजावणे होई. लहान वयातच संगीताचा नाद लागलेल्या गोविंदरावांना संगीताचे पहिले धडे या क्लबानेच दिले.

पण पेटी? गायनाला घराणी होती, बीन-सतारीला घराणी होती, सारंगीला पिढ्यान्‌पिढ्यांचे घरंदाज वादक होते. पेटीला काहीच नव्हते. ती परदेशातून कालपरवा आलेली. तिच्यावर कोणते बोट कुठे ठेवावे हे सांगणारे शास्त्र आपल्याकडे नव्हते. युरोपातली रीत युरोपातल्या संगीतासाठी होती. तिच्यावर यमन कसा वाजवावा हे तिथले पुस्तक कसे सांगणार? त्यामुळे पेटीच्या बाबतीत गोविंदराव बहुतांशी स्वतःच शिकले. बोटांना त्यांनी स्वतःच वळण लावले.

इथे आपण थोडे थांबू या. गुरूशिवाय शिकले, याचा अर्थ कोणाकडूनच शिकले नाहीत असा नाही. पेटी शिकवणारे नव्हते, पण गाणे ऐकवणारे होते. गोविंदराव गाणाऱ्यांना ऐकत राहिले. आपल्याकडे नवशिका पेटीपुढे बसतो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो की कोणती पट्टी दाबू. खरा पहिला प्रश्न वेगळा आहे. जे वाजवायचे ते आपल्या कानात वाजते आहे का? कानात चाल पक्की असेल तर बोटे चुकत चुकत का होईना, तिथे पोचतात. कानच रिकामा असेल तर शिक्षक शेजारी बसूनही उपयोग होत नाही. गोविंदरावांची शाळा कानाची होती, बोटे मागून आली.

मागे राहून वाजवणे

गोविंदरावांनी ज्यांना गुरू मानले ते भास्करबुवा बखले. भास्करबुवा १८६९ सालचे, म्हणजे गोविंदरावांपेक्षा बारा वर्षांनी मोठे. त्यांनी एकाहून अधिक घराण्यांची तालीम घेतली होती, त्यात अल्लादिया खाँचीही होती. पुढे १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. या गवयाच्या साथीला गोविंदराव पेटी घेऊन बसू लागले.

साथ करणे म्हणजे काय, हे आपल्या गायनवृंदातल्या सगळ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. साथीदार गवयाच्या पुढे जात नाही. गवई काय गाईल हे त्याला आधी ठाऊक नसते. ते ऐकायचे आणि क्षणभराने, पण सुरांची साखळी न तोडता, आपल्या वाद्यावर उमटवायचे. गवयाने श्वास घेतला की मधली पोकळी भरून काढायची. तो तानेत शिरला की त्याच्या आड यायचे नाही. आपल्या बोटांत त्याच्याहून जास्त चपळाई असली तरी ती त्या वेळी झाकून ठेवायची. याला विनय लागतो, आणि हा विनय कानातून येतो. भास्करबुवांसारख्या गवयामागे बसून गोविंदरावांनी जे मिळवले ते कोणत्याही क्लासात मिळाले नसते. अल्लादिया खाँकडे ते रीतसर शिकले नाहीत, पण त्यांच्या गायकीचा खोल ठसा त्यांच्यावर उमटला. पुढे त्यांनी खाँसाहेबांचे चरित्रही लिहिले.

साथ करता करता गोविंदराव स्वतंत्र पेटीवादनाकडे वळले. आता अडचण अशी की, पेटीचे सूर ठरलेले असतात. सप्तकातल्या बारा पट्ट्या बारा ठिकाणी घट्ट बसवलेल्या. आपले गाणे मात्र एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाते. त्याला मींड म्हणतात. गळा ती घेतो, सारंगी घेते, पण पेटीला ती घेता येत नाही. पेटीवर दोन सुरांच्या मधली जागाच नाही. मग गोविंदरावांच्या पेटीत गायकी आहे असे जाणकार म्हणत ते कशामुळे? वाद्याला जे जमत नाही ते त्यांनी जबरदस्तीने करायला लावले नाही. बोटांचा हलकेपणा, आसपासच्या सुरांचा नाजूक स्पर्श आणि भात्यावरचा ताबा या तिन्हींच्या जोरावर त्यांनी ऐकणाऱ्याच्या मनात गळ्याचा भास उभा केला. अपुऱ्या साधनातून पुरे काम काढण्याची ही रीत घर चालवणाऱ्या आपल्या आयाबहिणींना वेगळी समजावून सांगायला नको.

रंगभूमीवर

१९११ साल उजाडले. किर्लोस्कर नाटक मंडळी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' हे नाटक बसवत होती. पदांच्या चालींचे काम गोविंदरावांकडे आले. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत पहिला प्रयोग झाला. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती, तरी त्यांनी प्रयोग थांबवू दिला नाही. त्या रात्री मुंबईकरांनी जी पदे ऐकली त्यांच्या चाली तिशीही न गाठलेल्या एका पेटीवाल्याच्या होत्या.

त्या आधीच्या नाटकांत कीर्तनाच्या, साकी-दिंडीच्या आणि कानडी वळणाच्या चाली चालत. गोविंदरावांनी बैठकीतली रागदारी आणि उत्तरेकडची ठुमरी-कजरीची नजाकत नाटकात आणली. जे गाणे दरबारात आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात अडकले होते ते तिकीट काढून येणाऱ्या साध्या माणसाच्या ओठांवर आले. दहा वर्षांनी, १९२१ साली, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून संयुक्त 'मानापमान' केले. तो प्रयोग महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. पदे अर्थात गोविंदरावांच्याच चालींवरची.

गोविंदराव पडद्यामागेच थांबले नाहीत. पुढे त्यांनी त्याच नाटकात धैर्यधराची भूमिका केली. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, तिच्या तीन मालकांपैकी एक गोविंदराव होते. दोनेक वर्षांनी ते तिथून बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज ही आपली स्वतंत्र नाटक मंडळी काढली. तिच्यासाठी त्यांनी लिहिले, चाली दिल्या आणि भूमिकाही केल्या. नाटक कंपनी चालवणे हा कर्जाचा आणि काळजीचा धंदा. गंधर्व मंडळीचे नाव पुढे गाजत राहिले, शिवराजला तेवढे आयुष्य लाभले नाही. आपण ज्यांना यशस्वी म्हणतो त्यांच्याही आयुष्यात अशी पाने असतात. ती आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण मुलांना फक्त टाळ्यांच्या गोष्टी सांगितल्या की पहिल्या चुकीला ती वाद्य ठेवून देतात.

पन्नाशीत पुन्हा नवशिके

चाळिशी उलटल्यावर शिकायला लाजणाऱ्या आमच्या ताईंसाठी आता पुढचा भाग.

१९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' हा चित्रपट काढला. मराठीतला हा पहिला बोलपट. दिग्दर्शक व्ही. शांताराम. राजा हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे आणि राणी तारामती झाल्या दुर्गा खोटे. संगीतही गोविंदरावांचेच. त्या वेळी त्यांना पन्नास वर्षे पूर्ण झाली होती.

बोलपट म्हणजे काय हे त्या वेळी आपल्याकडे कोणाला फारसे ठाऊक नव्हते. पार्श्वगायनाची सोय नव्हती. नटाने कॅमेऱ्यासमोर उभे राहून त्याच वेळी गायचे, वादकांनी चित्रात दिसणार नाही अशा जागी बसून वाजवायचे, आणि हे सारे एकदम ध्वनिमुद्रित व्हायचे. नाटकात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकावा लागतो. मायक्रोफोनपुढे तो आवरावा लागतो. नाटकात पद रंगले की वन्समोअर. इथे चुकले की पहिल्यापासून. पंचवीस-तीस वर्षे संगीतात घालवलेला माणूस या नव्या यंत्रापुढे पुन्हा पहिल्या धड्यावर येऊन उभा राहिला. तो मागे हटला नाही. लोक हसतील, हा विचार त्यांनाही शिवून गेला असेल. त्यांनी काम मात्र केले. आज आपण तो चित्रपट पाहतो तेव्हा मराठी बोलपटाच्या पहिल्या नायकाच्या रूपात आपल्याला एक पेटीवाला दिसतो.

वयाची साठी जवळ आली तेव्हा त्यांनी लेखणी उचलली. 'माझा संगीत व्यासंग' हे त्यांचे पुस्तक १९३९ सालचे आणि 'माझा जीवनविहार' हे १९४८ सालचे. गवई आणि वादक स्वतःविषयी फारसे लिहून ठेवत नसत त्या काळात त्यांनी आपण काय ऐकले, कसे शिकलो हे मराठीत लिहून ठेवले. ज्याला शिकवणारा मिळाला नाही त्याने पुढच्यांसाठी ही शिदोरी बांधून ठेवली.

पेटीवर बंदी

आणि मग घाव बसला. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने आपल्या सर्व केंद्रांवर पेटीला बंदी केली. रेडिओचे प्रमुख त्या वेळी लायोनेल फील्डन हे इंग्रज अधिकारी होते. पण हा केवळ इंग्रजांचा हट्ट नव्हता. पेटीने हिंदुस्थानी संगीताचे नुकसान होते असे मानणारे आपल्याकडेही मोठमोठे लोक होते, रवींद्रनाथ ठाकूरही त्यांच्यात होते. आक्षेप खोटे नव्हते. पेटीवर मींड नाही, श्रुतींचे बारीक भेद नाहीत, आणि तिच्या आवाजाखाली गवयाचा गळा झाकला जातो. सारंगीवाल्यांची रोजी पेटीने खाल्ली हेही खरे.

विचार करा. गोविंदराव त्या वेळी ५८ वर्षांचे होते. ज्या वाद्याने त्यांना नाव दिले तेच सरकारी रेडिओच्या दारात नको म्हणून उभे केले गेले. ही बंदी स्वातंत्र्य मिळाल्यावरही उठली नाही. ती १९७१ सालापासून टप्प्याटप्प्याने सैल होत गेली. गोविंदरावांनी ९ ऑक्टोबर १९५५ रोजीच या जगाचा निरोप घेतला होता. आपले वाद्य रेडिओवर परत आलेले त्यांनी पाहिले नाही.

उतारवयात गोविंदरावांनी पेटी बाजूला ठेवली आणि ते गाण्याकडे वळले. काही जणांना वाटेल, म्हणजे आयुष्यभराची मेहनत फुकट गेली. आम्हाला तसे वाटत नाही. पेटी त्यांनी वाजवली ती गाण्यासाठीच. गाता गळा हेच त्यांच्या वादनाचे माप होते. वाद्याच्या मर्यादा ज्याने सर्वांत जवळून पाहिल्या त्याला त्या नाकारण्याची गरज नव्हती. पण म्हणून त्याने वाजवलेले काही खोटे ठरत नाही. रेडिओवर बंदी असलेल्या त्या तीस वर्षांतही पेटी शाळेत, देवळात, भजनी मंडळात, नाटकात आणि आपल्या चर्चमध्ये वाजतच राहिली. साध्या माणसाला सूर धरायला जे लागते ते तिच्याजवळ होते, आणि ती त्याला परवडत होती.

आपल्यासाठी

हे सगळे सांगण्याचे कारण आपल्या चर्चमधली ती कापड झाकलेली पेटी. गेल्या आठवड्यात आम्ही ती उघडून पाहिली. भाता शाबूत आहे. एक सूर थरथरतो, तो दुरुस्त करून घेऊ. बाकी सगळे ठीक आहे.

ज्यांना कधी पट्टीला हात लावायचाही धीर झाला नाही त्यांच्यासाठी सुरुवात कशी असते ते थोडक्यात सांगतो. पहिल्या दिवशी कोणतेही गीत वाजवायचे नाही. फक्त डाव्या हाताने भाता मारायचा आणि उजव्या हाताच्या एका बोटाने एकच सूर धरायचा. तो सूर न हिसकता, न डचमळता मिनिटभर सारखा चालला की पहिला धडा झाला. हा धडा वाटतो तेवढा सोपा नाही; नवशिका पट्टी बदलली की भाताही थांबवतो आणि सूर मधेच तुटतो.

मग पांढरी एक हा सा धरून ओळीने पांढऱ्या पट्ट्या वाजवायच्या. सा ते वरचा सा मिळून आठ सूर, आणि आपली बोटे पाच. इथे सगळे अडतात. युक्ती एवढीच की सा, रे, ग ला अंगठा, तर्जनी, मधले बोट वापरायचे आणि म च्या वेळी अंगठा खालून सरकवून घ्यायचा. मग म, प, ध, नी, सा ला पाचही बोटे ओळीने पुरतात. पियानोवर नवशिक्याला उजव्या हाताचा पहिला धडा हाच देतात. म्हणजे ज्या मुलीला पियानो शिकायचा आहे तिने इथे घालवलेला एकही दिवस वाया जाणार नाही. पियानोच्या ८८ पट्ट्यांमध्येही हेच बारा सूर पुन्हा पुन्हा येतात. तिथे डावा हातही वाजवायला लागेल, आणि बोटांचे वजन नव्याने शिकावे लागेल, एवढाच फरक.

त्यानंतर एकच गीत घ्यायचे, जे लहानपणापासून कानात बसले आहे ते. आधी ते गुणगुणायचे, मग पट्टीवर शोधायचे. चुकेल. पुन्हा शोधायचे. गोविंदरावांना जे करावे लागले तेच हे.

आणि चर्चमध्ये साथ करताना त्यांनी भास्करबुवांमागे बसून जे केले ते आठवायचे. लोकांचे गाणे ऐकायचे, त्याच्या थोडे मागे राहायचे. मिस्सात पेटीवाल्याचा कार्यक्रम नसतो. मागच्या बाकावरच्या आजीला सूर सापडला की त्याचे काम झाले.

शिकवणारा नाही ही अडचण खरी आहे, ती आम्ही झाकत नाही. पण आमच्यापैकी दोघांना पाच-सहा गीतांपुरती पेटी येते, आणि जेवढे येते तेवढे ते सांगतील. पुढच्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सानंतर अर्धा तास पेटी उघडी राहील. वयाची अट नाही, फी नाही. मुलांनी यावे, आईवडिलांनी यावे, आणि चाळिशी उलटलेल्या आमच्या त्या ताईंनी तर नक्की यावे. हसायला कोणी उरणार नाही, कारण सगळेच चुकत असणार.

नाताळला अजून काही आठवडे आहेत. तेवढ्या अवधीत कोणी गोविंदराव होणार नाही. पण मध्यरात्रीच्या मिस्सात एक गीत, फक्त एक, आपल्यातल्याच कोणाच्या तरी बोटांवर वाजले, तर या वर्षीचा संत सिसिलियाचा सण आपल्याला पावला असे आम्ही समजू.

आपली,
गायनवृंदाची मंडळी